शिंपलीच्या रक्ताचा रिपोर्ट

९ एप्रिल, दुपार

खारूताई,

तुझ्या मामाचे पोटभर आशीर्वाद. तू बरी आहेस हे मामीकडून कळतं, पण तुझ्या अक्षरात दोन ओळी आल्या तर म्हाताऱ्याचा दिवस बरा जाईल. आम्ही दोघं ठीक. मामीचा गुडघा मामीपेक्षा जास्त बोलतो आणि माझा खोकला मधे मधे हुंकार देतो. एवढं सोडलं तर तक्रार नाही.

फोनवर तू काहीतरी विचारतेस, मी ‘हो हो, बघतो’ म्हणतो आणि फोन मामीच्या हातात देतो. हे तुझ्या लक्षात आलंय असं मामी म्हणाली, म्हणून लिहायला बसलो. दुपारी दोन तास तबेल्यात कुणी नसतं. घोड्यांच्या चंदीच्या पिंपावर फळी टाकली की माझं टेबल तयार.

तर, शिंपलीला तुझ्याकडे पाठवायचं म्हणून तिचं रक्त काल काढलं. जुने डॉक्टर आता घरीच असतात, त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई आल्यात. बारीक चणीची बाई, पण घोड्याच्या मानेला हात लावला की घोडा गप्प उभा राहतो. दोन नळ्या रक्त काढलं, नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि बर्फाच्या डब्यात घालून स्वतः घेऊन गेल्या. म्हणाल्या, “तिकडचा देश कडक आहे. गोचिडाच्या तापाचा जरासा मागमूस रक्तात सापडला तरी घोडा आत घेत नाहीत.” मी म्हटलं, कडक असलेलं चांगलंच.

एक लांबलचक फॉर्म भरायचा होता. रंग तांबूस, वय चौदा, कपाळावर शिंपल्यासारखा पांढरा ठिपका, मागचा उजवा पाय खुरापासून गुडघ्याखालपर्यंत पांढरा. मालक म्हणून तुझं नाव. मग ‘पूर्वी झालेले आजार’ असा एक रकाना होता. त्यात मी रेघ मारली. तिला कधी काही झालेलं नाही, तुला माहीतच आहे.

या वर्षी गोचीड लवकर सुरू झालेत. मी कुंपणाच्या आतलं गवत बोटभर उंचीवर कापून घेतलं आणि झाडीच्या बाजूने दोन हात रुंद खडीचा पट्टा टाकला. गोचीड कोरड्या दगडावरून यायला कंटाळतात. भोंग्याच्या गळ्यात नवा औषधाचा पट्टा घातलाय. तेव्हापासून तो दुप्पट भुंकतो, त्याला वाटतं बढती मिळाली. नवीन मोतद्दार चाळिशीचा आहे, तरी परवा एका घोड्याच्या कानातला गोचीड जळत्या काडीने काढायला निघाला होता. मी हात धरला. चिमटा कातडीला टेकवायचा, गोचिडाला तोंडाशी धरायचं आणि सरळ ओढायचं. पिळायचं नाही, रॉकेल नाही, काडी नाही. डिवचलं की तो पोटातली सगळी घाण रक्तात ओकतो. तो म्हणाला, “एवढ्याशा किड्याला काय घाबरता?” मी चिमटा धुवून ठेवला.

रिपोर्ट आला की लगेच तिच्या प्रवासाचं ठरवते असं तू म्हणालीस. तिकडच्या तबेल्यात तिच्यासाठी जागाही रंगवून ठेवलीस म्हणे. जरा सबुरीने घे. रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट असतो, त्याचं काही सांगता येत नाही. एवढंच म्हणतो.

स्वेटर घालत जा.

मामा

३ मे

खारू,

आशीर्वाद. मामी म्हणाली की परवा तू फोनवर खूप वेळ नुसती श्वास घेत होतीस. मी शेजारी उभा होतो, पण फोन घ्यायचा धीर झाला नाही. तुला दोनच वाक्यं सांगितली गेली, बाकीचं लिहितो.

रिपोर्ट सोमवारी आला. डॉक्टरीणबाई स्वतः घेऊन आल्या, तेव्हाच मी समजलो. चांगली बातमी कुणी एवढ्या लांब चालत आणून देत नाही. शिंपलीला खरारा करत होतो. त्या म्हणाल्या, “काका, जरा बाहेर या.” जणू घोडीला ऐकू जाईल.

शिंपलीच्या रक्तात गोचिडाच्या तापाचे जंतू आहेत. रक्ताच्या तांबड्या पेशीत शिरून बसतात. आत्ता ती आजारी नाही. खाते, पळते, दारात माझी वाट बघून पाय आपटते. पण हे जंतू एकदा शिरले की घोड्यात बहुधा जन्मभर राहतात, गुपचूप. घोडा ठणठणीत दिसतो आणि आतून त्यांना सांभाळत असतो. मी विचारलं, म्हणजे कधीतरी तिला गोचिडाने चावलं असणार? त्या म्हणाल्या, “कधीतरी चावलं, आणि बहुतेक कधीतरी ताप आला असणार. चार-सहा दिवस. खाणं सोडलं असेल, हिरड्या पिवळट झाल्या असतील, लघवी गडद झाली असेल. आठवतंय का काही?”

मी म्हणालो, आठवत नाही.

त्यांनी नमुना पुन्हा पाठवलाय, कारण तू तसं करायला लावशील हे मला माहीत होतं. पण त्या म्हणाल्या की आशा धरू नका, यात चूक क्वचित होते.

आता दुसरी गोष्ट. हे तबेल्याच्या मालकाला सांगावं लागलं. इथल्या तबेल्यात बारा घोडे आहेत आणि रोज मुलं शिकायला येतात, स्वतःची तट्टं घेऊन येणारेही आहेत. शिंपलीला चावलेला गोचीड उद्या दुसऱ्याला चावला तर त्यालाही ते लागू शकतं. मालक वाईट माणूस नाही, तुलाही ठाऊक आहे; लहानपणी लंगडत होती म्हणून कुणी घेत नव्हतं तेव्हा ही घोडी त्यानेच तुझ्या नावावर करून दिली. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. म्हणाला, “मला बाकीच्यांना उत्तर द्यायचंय.” त्याचंही बरोबर आहे. सध्या शिंपलीला मागच्या गवताच्या शेडमधे हलवलंय. तिथून तिला बाकीचे घोडे दिसत नाहीत, ऐकू मात्र येतात. ती हाका मारते. पहिले दोन दिवस ते उत्तर देत होते.

तू तुझ्या तिकडच्या डॉक्टरांना विचारून औषधाचं नाव पाठवलंस ते डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांना माहीत होतं. दर तिसऱ्या दिवशी एक अशी चार इंजेक्शनं. घोड्याला ते फार जड जातं, आणि एवढं करूनही जंतू जातीलच असं नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. तुझा निरोप मी त्यांना जसाच्या तसा सांगितला: ‘काहीही करा, पण तिला त्या जंतूंतून मोकळी करा.’

मामी म्हणते, तुम्ही नाही म्हणा. पण तुला नाही म्हणायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. का, ते आत्ता विचारू नकोस.

मामा

१६ जून, दुपार

खारू,

दुसरा रिपोर्टही तसाच आला हे तुला कळलंय. इंजेक्शनांचं तुला तुकड्या-तुकड्याने कळलंय, कारण मीच तसं सांगितलं. आज सगळं लिहितो. मग तुला जे म्हणायचं ते म्हण.

पहिल्या इंजेक्शननंतर अर्ध्या तासात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, दोरीसारखी. घाम एवढा आला की अंगावरचं कापड पिळता आलं असतं. दोन तासांनी उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे अपेक्षित होतं. मी तुला फोनवर सांगितलं, ‘छान झालं.’

दुसऱ्याच्या वेळी तिचं पोट दुखायला लागलं. घोड्याच्या पोटात कळ आली की तो वळून स्वतःच्या कुशीकडे बघतो, तिथे कोणी आहे का असं. ती तशी बघत होती. मग खाली बसली, लोळली, उठली, परत बसली. मी आणि मोतद्दार तिला दोरीने धरून शेडभोवती चालवत राहिलो, सकाळच्या दहापासून संध्याकाळी मुलं घरी जाईपर्यंत. मोतद्दार शेवटी म्हणाला, “काका, तिला बसू द्या ना.” बसू दिलं असतं तर आतड्यांना पीळ पडला असता. तेव्हा तुझा फोन आला. मामीने तुला सांगितलं की ती जरा दमलीय. तू म्हणालीस, अर्ध्यावर सोडू नका.

तिसरं दिलं. मी तिचं डोकं धरून उभा होतो. सुई बघून तिने मागे पाय घेतला, आणि मी “थांब” म्हटल्यावर ती थांबली. खारू, मी तिला थांब म्हटलं आणि ती थांबली.

चौथं द्यायला डॉक्टरीणबाईंनी नकार दिला. पिशवी बंद करून म्हणाल्या, “याच्यापुढे मी आजारावर उपचार करत नसेन, नुसती कुणाची तरी इच्छा पुरी करत असेन.” मी तेव्हाच्या तेव्हा हो म्हणालो. तुला विचारलं नाही. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू असं ठरलं.

आता ते दुसरं.

सहा वर्षांपूर्वी तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा तू मला म्हणाली होतीस, ‘मामा, मी आईजवळ थांबते, तू शिंपलीजवळ थांब.’ मी हो म्हटलं. पण मी थांबलो नाही. तुझी आई माझी धाकटी बहीण होती. तू आत तिच्या खाटेजवळ होतीस आणि मी खालच्या मजल्यावर, औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर. नऊ दिवस. तुला दिसू नये म्हणून वर यायचो नाही. कारण मी दिसलो असतो तर तू विचारलं असतंस, शिंपलीकडे कोण आहे.

शिंपलीकडे एक बदली माणूस होता. त्याने घोडे ओढ्याकाठी उंच गवतात चरायला सोडले. आयतं गवत मिळतंय तर का नाही, एवढाच विचार असेल बिचाऱ्याचा. रोज संध्याकाळी कानात, आयाळीखाली, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या आत बोटं फिरवून बघायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

मी परत आलो तेव्हा तिच्या शेपटीखाली एरंडाच्या बियांसारखे टच्च फुगलेले गोचीड होते. कानात आणखी. मी मोजले नाहीत. काढत गेलो, साबणाच्या पाण्यात टाकत गेलो, आणि पाणी लाल झालं.

तुझी आई गेली त्याच्या पाचव्या दिवशी शिंपलीला ताप भरला. तिने चंदीला तोंड लावलं नाही. हिरड्या पिवळ्या, लघवी चहाच्या काढ्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी जे जे विचारलं ते सगळं. जुन्या डॉक्टरांना मागच्या दाराने बोलावलं. त्यांनी औषधं दिली आणि वहीत काही लिहू नका असं मी त्यांना हात जोडून सांगितलं. आठ दिवसांत ती उभी राहिली.

त्या आठ दिवसांत तू रोज मला विचारायचीस, “शिंपली बरी आहे ना?” मी म्हणायचो, एकदम बरी. त्या दिवसांत घरात कुठल्याच प्रश्नाला चांगलं उत्तर नव्हतं, खारू. त्या एकाला होतं. ते मी खोटंच दिलं.

मग पुढे कधी सांगायचं? तू हसायला लागलीस तेव्हा वाटलं, आता नको. तू बक्षिसं आणायला लागलीस तेव्हा वाटलं, आता कशाला. बरी झाली म्हणजे बरी झाली असंच मी धरून चाललो. आत काही राहतं हे मला खरंच ठाऊक नव्हतं, यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. पण गेल्या वर्षी तुझ्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक इथून तासाभरावर, एक तिकडे. तू म्हणालीस, “शिंपली तिकडे येऊ शकेल, तर मी तिकडची घेते.” तेव्हा मी तुझ्यासमोर चहा पीत बसलो होतो. तेव्हा ताप मला आठवला होता. मी कपात बघत राहिलो आणि म्हणालो, “येईल की.”

मामीला हे आज सकाळी सांगितलं. तिने माझा डबा भरून हातात दिला, आणि झाकण लावायचं विसरली.

मामा

२ ऑक्टोबर

खारू,

मागच्या पत्रानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. मामीशी बोलतेस, ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकतो. मामी मुद्दाम मोठ्याने बोलते. “हो का, ताप उतरला का, घशाला काय झालं होतं,” असं प्रत्येक वाक्य परत म्हणते, म्हणजे तुझी बाजूही मला कळावी. त्यामुळे तुझा घसा दुखत होता हे मला माहीत आहे. गरम पाणी पीत जा.

तिसरा रिपोर्टही आला. तसाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता परत तपासू नका. तिला सुई टोचायला आता कारण उरलं नाही.

शिंपली बारीक झालीय, पण खाते. उन्हात उभी केली की तिची कातडी परत चकाकायला लागलीय. हाका मारणं तिने ऑगस्टमधे बंद केलं. भोंगा दिवसातून एक चक्कर मारतो, शेडच्या दारात बसतो, थोडं भुंकून दाखवतो आणि कामाला जातो. मी सकाळ-संध्याकाळ दोन वेळा तिचं अंग तपासतो. कान, आयाळ, काखा, कास, शेपूट. मोतद्दार म्हणाला, “आता कशाला काका, जे व्हायचं ते तिला होऊन गेलं.” मी त्याला समजावलं की आता मी हे तिच्यासाठी करत नाही. तिला चावलेला एकही गोचीड त्या शेडबाहेर चालत जाता कामा नये. तीस वर्षं घोड्यांना गोचिडांपासून सांभाळलं, आणि आता बाकीच्या घोड्यांना आपल्या घोडीपासून सांभाळतोय. बोटं तीच, चिमटा तोच. ती मान खाली घालून उभी राहते, तिला वाटतं हे लाड आहेत.

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं.

कागद बघितला. शिंपली तू माझ्या नावावर केलीस. तुझी सही आहे, तारीख आहे, तिथल्या वकिलाचा शिक्का आहे. पाकिटात दुसरं काही नव्हतं. मी ते कडेने फाडून उलगडलं आणि आतून बघितलं, एखादी चिठ्ठी चिकटून राहिली असेल म्हणून. मामी बघत होती. म्हणाली, “अहो, नाहीये काही.” तरी मी ते दिव्याकडे धरून बघितलं.

एक गोष्ट जूनमधे लिहायची राहिली. राहिली असं नाही, मी ठेवली. ती आता लिहितो, कारण हा कागद घरात आल्यापासून ती मला ठेवता येत नाही.

त्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं ना, की हिला जाता येणार नाही. तेव्हा मला आधी वाईट वाटलं नाही. आधी मला बरं वाटलं. एक क्षणच, पण आधी तेच. मनात आलं, चला, ही तरी राहिली. तुझी आई गेली, तू गेलीस, ही राहिली. मग मागाहून तू आठवलीस, ती रंगवलेली जागा आठवली. पण क्रम तोच होता, आणि मला तो माहीत आहे.

म्हणून इंजेक्शनांना मी नाही म्हणू शकलो नाही. मला वाटलं, मी नाही म्हटलं तर ते तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी, हे मलाच कळणार नाही. माझं मन स्वच्छ आहे हे मलाच पटवायला मी तिला तीन वेळा ते विष टोचू दिलं. डॉक्टरीणबाईंनी पिशवी बंद केली नसती तर चौथंही दिलं असतं.

आणि आता तू ती मला देऊन टाकलीस. मला जे हवं होतं तेच, शिक्क्यासकट. याच्यापेक्षा तू येऊन चार शिव्या दिल्या असत्यास तर मी सुखाने ऐकल्या असत्या.

कागदावर खाली माझ्या सहीची जागा होती. मी तीन दिवस तो चंदीच्या पिंपावर ठेवला. वाटलं, परत पाठवावा, लिहावं की घोडी तुझीच आहे. पण काल मालक आला. म्हणाला, ही शेडमधे राहायची तर तिच्यासाठी इथे हजर असलेला कुणी जबाबदार माणूस कागदावर पाहिजे, नाहीतर मला तिला ठेवता येणार नाही. त्याने टोपी हातात धरली होती. मी त्याच्या पेनाने सही केली. दुसरा रस्ता तुला दिसत असेल तर कळव, मला दिसला नाही.

परत ये असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं फार वाटतं, आणि म्हणूनच म्हणणार नाही. तिथे दुसरा एखादा घोडा घे असंही म्हणायला जीभ रेटत नाही. तुझ्या आईच्या नंतर लोक आपल्याला अशाच गोष्टी सांगत होते. तू मामीला विचारलंस म्हणे, ‘ती मला विसरली असेल का?’ मामी म्हणाली, छे, घोडा कधी विसरतो का. मला खरं माहीत नाही. मी तुझं नाव तिच्यासमोर घेऊन बघितलं. तिने कान हलवला, पण माशीही बसली होती. तुला खूश करायला मी काहीतरी सांगू शकलो असतो. यापुढे ते करणार नाही.

उत्तराची अपेक्षा ठेवत नाही. मामीला फोन करत जा, मी पलीकडच्या खोलीत असतो.

घोडी देता येते, सही करून. हे एक नातं तसं देऊन टाकता येत नाही, म्हणून अजून तेच लिहितो,

तुझा मामा